थांब, आता वाच

माझ्या आजीला वाचता येत नसे. पवित्र शास्त्र मात्र कायम तिच्या उशाशी. उन्हाळ्याच्या सुट्टीत नगरकडच्या तिच्या घरी गेलो की रात्री कंदिलापाशी बसून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे यायचं. "शेवटलं पुस्तक काढ," ती म्हणायची. शेवटलं म्हणजे प्रकटीकरण. सात डोक्यांचा तांबडा अजगर, काचेचा समुद्र, अंगभर डोळेच डोळे असलेले चार प्राणी. मी अडखळायचो, विचारायचो, "आजी, म्हणजे काय गं?"

"तू वाच. मला दिसतंय."

पुढे या पुस्तकाचे अर्थ लावणारे पुष्कळ भेटले. 'नेरोन कैसर' हे नाव इब्री अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमती मिळवल्या की या पुस्तकातल्या श्वापदाची संख्या, ६६६, येते, हे मला पटतं. रोमच्या टाचेखालच्या माणसांना सम्राटाचं नाव उघड घेता येत नसणार. पण दर नव्या लढाईला या पुस्तकातलं एखादं पान चिकटवणाऱ्यांपाशी माझं मन रमत नाही. धर्मसुधारक कॅल्विनने जवळजवळ सगळ्या नव्या करारावर भाष्य लिहिलं, यावर लिहिलं नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स उपासनेच्या नेमलेल्या वाचनांत तर हे पुस्तक नाहीच. आणि ज्या पात्म बेटावर हे लिहिणाऱ्या योहानाला दर्शन झालं, तिथे १०८८ साली उभा राहिलेला योहानाचा मठ त्यांचाच!

पुस्तक स्वतः काय मागतं? पहिल्याच अध्यायात ते एका वाचणाऱ्याला आणि अनेक ऐकणाऱ्यांना धन्य म्हणतं. आशिया प्रांतातल्या इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा सात मंडळ्यांना धाडलेलं ते पत्र आहे. मंडळी जमायची, एकजण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. पंडिता रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल साध्या मराठीत आणत राहिल्या, ते अशाच ऐकणाऱ्या बायाबापड्यांसाठी.

मला राहून राहून वाटतं ते योहानाच्या रविवारचं. दर्शन झालं तो प्रभूचा दिवस होता, असं तो मुद्दाम सांगतो. समुद्रापलीकडे त्याची माणसं एकत्र जमली असतील, आणि हा बेटावर एकटा. अशा वेळी त्याला दार उघडं दिसतं, आणि आत चाललेली असते उपासनाच: राजासन, चोवीस वडील, रात्रंदिवस न थांबणारं गाणं. ज्याची मंडळी तुटली त्याला स्वर्गातली मंडळी भेटली. आजही प्रभुभोजनाच्या विधीत आम्ही तीनदा 'पवित्र' म्हणतो, तेव्हा त्या चालू गाण्यात आमचा आवाज मिसळतो, अशीच माझी श्रद्धा आहे.

पाचव्या अध्यायाशी आजी सावरून बसायची. सात शिक्क्यांची गुंडाळी उघडायला कुणीच योग्य निघत नाही, योहान रडू लागतो. एक वडील त्याला म्हणतो, रडू नको, यहूदाचा सिंह जिंकला आहे. योहान बघतो, तर समोर कोकरा. वधलेला, आणि तरी उभा. कानांनी सिंह ऐकला, डोळ्यांना कोकरा दिसला! पिकं निघाली की आमच्या शिवारात धनगरांचे वाडे बसत. नुकतं जन्मलेलं, ओलं, पाय लटपटणारं कोकरू आजीने कितीदा हातात धरलेलं. "ते राजासनापाशी," ती हळूच म्हणायची आणि डोळ्यांना पदर लावायची. त्या एका वाक्याने मला जे कळलं, ते नंतर वाचलेल्या जाड ग्रंथांनी फारसं वाढवलं नाही.

मग शिक्के फुटत जायचे. घोडे, भूकंप, काळा पडलेला सूर्य. मी रंगात येऊन भराभर वाचायचो. आठव्या अध्यायाच्या तोंडाशी सातवा शिक्का फुटतो आणि स्वर्गात सुमारे अर्धा तास सगळं शांत होतं. त्यानंतर सोन्याच्या धुपाटण्यातल्या धुपाबरोबर पवित्र जनांच्या प्रार्थना वर जातात. मला घाई असायची त्या धुपाची, पुढच्या कर्ण्यांची. आजी माझ्या मनगटावर हात ठेवायची.

"थांब."

तिच्याकडे घड्याळ नव्हतं. कंदिलाची वात फुरफुरायची, गोठ्यात शेळी अंग झाडायची. आजीचे ओठ हलत असायचे, आवाज नसायचा. माझा डोळा लागायच्या बेताला मनगटावरचा हात उचलला जायचा.

"हं. आता वाच."