वेळ मागे जाऊ नये

संगणकाचं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. स्फटिक दहा लाखांत वीस भागांनी चुकला, तरी दिवसाकाठी पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. खोली तापली की चाल आणखी बदलते. म्हणून सर्व्हर सांभाळणारे आम्ही लोक एक छोटी स्क्रिप्ट लिहितो : वेळ विचार, फरक काढ, घड्याळ लाव.

वेळ विचारण्यातच पहिली मेख आहे, कारण उत्तर येईपर्यंत वेळ पुढे सरकलेली असते. डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी घडवलेल्या एनटीपी या नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीतला त्यावरचा हिशेब मला फार सुंदर वाटतो. समजा, माझ्या घड्याळात शून्य मिलिसेकंद असताना प्रश्न निघाला. टाइम सर्व्हरला तो त्याच्या घड्याळाप्रमाणे ५४०व्या मिलिसेकंदाला मिळाला, ५४१व्याला त्याने उत्तर धाडलं आणि ते माझ्या ८१व्याला पोचलं. जातानाचा फरक ५४०, येतानाचा ४६०, सरासरी ५००. मी अर्धा सेकंद मागे आहे. प्रवासाचे ८० मिलिसेकंद सरासरीत आपोआप गळाले. मात्र जायला आणि यायला सारखाच वेळ लागला, हे इथे गृहीत आहे. एकाच दिशेला वाहतूक तुंबली, की हिशेब फसतो. म्हणून स्क्रिप्टने चार सर्व्हरना विचारावं, पुन्हा पुन्हा विचारावं आणि कमीत कमी वेळात आलेल्या उत्तरावर अधिक भरवसा ठेवावा.

फरक कळला तरी घाई करू नये. पुढे गेलेलं घड्याळ झटक्यात मागे ओढलं, तर तेच क्षण दुसऱ्यांदा येतात आणि पैसे जमा झाल्याची नोंद ऑर्डरच्याही आधीची दिसते. त्यापेक्षा घड्याळाची चाल किंचित बदलावी. लिनक्समध्ये नेहमीची मर्यादा दहा लाखांत ५०० भागांची. त्या गतीने अर्धा सेकंद भरून यायला जवळपास सतरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ सेकंद जरासे लांब किंवा आखूड होतात, पण एकही क्षण पुन्हा येत नाही. फरक मोठाच असेल, तर मशीन सुरू होताना, डेटाबेस उठण्याआधी, एकदाच काय ती उडी घ्यावी.

ही सतरा मिनिटं मी आनंदाने देतो. काही बिघडलं की आम्ही पाच मशीनचे लॉग शेजारी ठेवून आधी काय घडलं ते शोधतो. तो क्रम खोटा निघाला, तर कारणही खोटं सापडतं आणि दुरुस्ती भलत्याच जागी होते.