उंटालाही तहान लागते

माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. गाव लोहा तालुक्यातलं, नांदेड-लातूर रस्त्यावरचं. देवस्वारी निघाली की भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात आणि माळावर घोडे, गाढवं, खेचरं, उंट यांचा बाजार फुलतो. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून माझं आयुष्य देवणी आणि लाल कंधारी जनावरांत गेलं. उंट मी पुस्तकात शिकलो, हाताळला मात्र माळेगावात.

थंडी हा नर उंटाचा मस्तीचा काळ, आणि यात्राही नेमकी तेव्हाच. तोंडाला फेस, मानेमागच्या ग्रंथीतून पाझरणारा उग्र वासाचा काळसर स्राव, आणि गुरगुरत जबड्याच्या कडेनं बाहेर काढलेला लाल फुगा. बघ्यांना वाटतं, जनावराचं आतडंच बाहेर आलं. तो असतो मऊ टाळूचा भाग; त्यात हवा भरून नर माद्यांपुढे मिरवतो. या दिवसांत तो खाणं कमी करतो आणि अंगावर येतो. उंट चावला तर हाड मोडतं. अशा नराच्या पाठीवर लेकरं बसवलेली दिसली की मी आधी ती खाली उतरवायला लावतो.

पण उंट मला खऱ्या अर्थानं कळला तो २०१६ च्या उन्हाळ्यात, लातुरात. दुष्काळामुळे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पहिलं पाच लाख लिटर पाणी आलं, ते दिवस. लग्नसराईत वरातीला उंट देणारं एक कुटुंब औसा रस्त्याला उतरलं होतं. उंट खात नाही म्हणून त्यांनी मला बोलावलं. पोट आत गेलेलं, डोळे खोल, मदार एका अंगाला कललेली. पाणी कधी पाजलं, असं विचारल्यावर म्हातारा म्हणाला, “माणसालाच घागर मिळंना साहेब. ज्याच्या दारात जावं तो म्हणतोय, उंटाला कशाला पाणी? त्याच्या मदारीत असतंय की.”

मदारीत पाण्याचा थेंब नसतो. असते ती चरबी. ती सगळ्या अंगावर पसरण्याऐवजी एका जागी साठते, म्हणून बाकीच्या अंगातून उष्णता सहज बाहेर जाते. उपासमार झाली की ही चरबी वापरली जाते आणि मदार ढिली पडून कलते. त्या जनावराला तहान होतीच, भूकही होती.

मी पहाटे त्याचं तापमान घेतलं, ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास भरलं. दुपारी तीनला ४० च्या वर. बैलाचा पारा असा चढता तर मी ताबडतोब इंजेक्शन काढलं असतं. तहानलेला उंट मात्र दिवसभर अंग तापू देतो आणि घाम गाळत नाही. साठलेली उष्णता रात्रीच्या गारव्यात सोडून देतो. त्याची लघवी पाकासारखी घट्ट, लेंड्या जवळजवळ कोरड्या. श्वासातून जाणारी वाफसुद्धा नाकाच्या आतल्या वळणांत अडवून परत घेतली जाते. शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतकं पाणी गमावूनही तो उभा राहतो. माणूस त्याच्या निम्म्यातच संपतो. लातूर तेव्हा भांड्यांचं पाणी झाडांना घालत होतं आणि आमच्यासमोर उभं असलेलं हे शरीर तेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेलं होतं.

जवळच्या एका शेतकऱ्यानं बोअरच्या उरल्यासुरल्या पाण्यातून हौद भरून दिला. त्या दुष्काळात मी पाहिलेलं हे सर्वांत मोठं दान. उंटानं मान खाली घातली ती हौदाचा तळ दिसेपर्यंत वर काढली नाही. दहा-पंधरा मिनिटांत तो शंभर लिटर पिऊ शकतो. इतर जनावरानं एवढं पाणी एकदम ढोसलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटू लागतात. उंटाच्या पेशी लंबगोल असतात, दुपटीहून जास्त फुगल्या तरी टिकतात. संध्याकाळी त्यानं बाभळीला तोंड लावलं. तेवढे लांब काटे, पण त्याच्या ओठांना त्याचं काही नाही.

मराठवाड्याचं ऊन उंट सोसतो, पावसाळा त्याला झेपत नाही. त्याचे पाय गादीचे, पसरट, वाळूत न रुतणारे. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात ते निसरतात, मागचे पाय दोहीकडे फाकतात आणि मांडीचे स्नायू फाटतात. मग सात-आठ मणांहून कितीतरी जड असं ते धूड उठवणार कसं? शिवाय दमटपणात खरूज पसरते, आणि चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे सर्रा होतो. हा रक्तातला आजार जनावर महिनोन्‌महिने झिजवतो. लवकर ओळखला तर औषध आहे.

देशात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे चार लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख उरले. राजस्थाननं २०१४ मध्ये त्याला राज्यप्राणी केलं. आपल्याकडे तो चार दिवसांचा पाहुणा. म्हणून एवढंच मागतो: उंट घेऊन कुणी दाराशी आलं तर लेकरांना फेरी मारून आणण्याआधी त्याच्यापुढे पाणी ठेवा, ते पिईपर्यंत थांबा, आणि आभाळ भरून आलं असेल तर उंटवाल्याला काळ्या रानातून न जाता डांबरी रस्त्यानं जायला सांगा.