चैत्यभूमीच्या वाटेवरची गाणी

४ डिसेंबरच्या संध्याकाळी परभणीच्या फलाटावर आम्ही अकरा जण उभे होतो. सोबत तीन वळकट्या, भाकरी-ठेच्याच्या पिशव्या, एक ढोलकी आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक जुनी पुस्तिका. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आतून कोणीतरी "जयभीम" म्हणाले, आम्हीही म्हणालो, आणि जागा झाली.

पुस्तिकेबद्दल आधी सांगितले पाहिजे. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कपाटात ती सापडली. वरचे पान गेलेले, त्यामुळे कवीचे नाव नाही. त्यातल्या एका गाण्याची सातही कडवी शाबूत आहेत. वर "चाल" असे छापून एका जुन्या सिनेमातल्या गाण्याचे दोन शब्द दिले आहेत. ते गाणे आमच्यात कोणाला आठवत नाही. शब्द सगळे हाताशी आणि गाणे मुके! शिवाजी पार्कावर एवढा जनसागर जमतो, तिथे कोणाला तरी चाल येत असेल, या आशेने आम्ही ती बरोबर घेतली होती.

सेलूला एक आजी चढल्या. पहाटे नाशिकरोड आले तसे कोणी म्हणाले, "वामनदादांचा मुलूख आला." सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे वामनदादा कर्डकांचे जन्मगाव. १५ ऑगस्ट १९२२ चा त्यांचा जन्म, २००४ साली ते गेले. मुंबईत कामधंदा करताना, वयात आल्यावर ते अक्षर शिकले आणि पुढे हजारो गाणी लिहिली. जलसेवाले भीमराव कर्डकही नाशिककडचेच. दादांचे नाव निघाले आणि आजींनी ध्रुपद उचलले.

त्यांनी ते दोनदा म्हटले. तिसऱ्यांदा अर्ध्या डब्याने झील धरली. आमच्यातल्या तिघांनी हे गाणे जन्मात ऐकले नव्हते, तरी दुसऱ्या कडव्यापासून तेही गाऊ लागले. चाल प्रत्येक कडव्याला तीच असते, हेच त्यातले मर्म. कडव्याच्या पहिल्या ओळींत आवाज वर चढतो, शेवटच्या ओळीत ध्रुपदाच्या यमकावर उतरतो, आणि तो उतरला की आपली पाळी आली हे सांगावे लागत नाही. मध्ये पेटी वाजते तेव्हा गाणाऱ्याला दम घेता येतो आणि पुढचे कडवे आठवायला सवड मिळते. चाल एकदा बसली की माणसाला फक्त नवे शब्द ऐकायचे असतात. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत महाड, नाशिक, नागपूर हा सारा इतिहास कडव्या-कडव्याने पोचला तो असा.

लिहिणाऱ्याची मात्र यात कसोटी लागते. पहिल्या कडव्यात "भीमराव" जिथे बसतो तिथे तिसऱ्यात "बाबासाहेब" कोंबून चालत नाही. सहा मात्रांच्या जागेत नऊ कशा मावणार? म्हणून कुठे भीमराया, कुठे बाबा, कुठे नुसता भीम. आम्हाला वाटायचे ही सारी लाडाची नावे. ती आहेतच, पण चालीनेही ती मागून घेतली आहेत. सिनेमाच्या चालींना नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. आमचे मत उलटे आहे. लोकांच्या ओठांवर असलेली चाल घेतली की शिकवण्याचे अर्धे काम आधीच झालेले असते.

आमच्या आयाबायांना हे जात्यावरच कळले होते. एकच गळा, आणि त्यावर पहाट सरेपर्यंत ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी अशा सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यात आहेत. १४ एप्रिलला आपण म्हणतो तो पाळणाही याच घराण्यातला.

कसारा घाटातल्या बोगद्यांत अंधार झाला तरी गाणे थांबले नाही. दादरला मात्र गर्दीत आजी दिसेनाशा झाल्या.

शिवाजी पार्कावर पुस्तकांच्या दुकानांतून आम्ही दुपारभर फिरलो. पुस्तिका पाहून सगळे हळहळले. चाल कोणालाच येईना. संध्याकाळी चैत्यभूमीच्या रांगेत लागलो. ७ डिसेंबर १९५६ ला जिथे बाबासाहेबांच्या देहाला अग्नी दिला, त्या जागेकडे रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. रात्री नऊच्या सुमारास पुढे ओळखीचे नऊवारी पातळ दिसले. आजीच!

आम्ही ध्रुपदाची ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आगं, हे तर माझी माय म्हणायची." आणि गायला लागल्या. आमच्यातल्या पोरीने मोबाईल पुढे धरला. पाच कडवी झाली आणि आजी थांबल्या. "एवढंच हाय."

"आजी, अजून दोन आहेत," पोरगी म्हणाली आणि पुस्तिकेतून सहावे कडवे त्याच चालीवर म्हणू लागली. चवदार तळ्याचे कडवे होते. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. सातवे नागपूरच्या दीक्षेचे. त्याची शेवटची ओळ उतरली आणि आमच्याही आधी आजींनी ध्रुपद उचलले. मागच्या-पुढच्या माणसांनी झील धरली. रांग चार पावले पुढे सरकली.

"पुन्हा म्हण ती दोन," आजी म्हणाल्या.