आठाचे सहा

आठ पेडांचा गोफ सहावर आणायचा आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही. चाबूक करणाऱ्याचं अडतं ते इथंच. गाभा भरणं, वाद्या भिजवणं, मूठ मढवणं, यात कुणाचं काही अडत नाही. मुठीपासून दोन हात खाली जाडी उतरायला लागते आणि तिथं दोन वाद्या सोडाव्या लागतात. सोडलेली टोकं गाभ्यात जातात, उरलेल्या सहा त्यांच्यावर बसतात आणि त्या जागी फुगवटा येतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला तो दिसतही नाही. माझ्या बोटाला मात्र लागतो, आणि एकदा लागला की त्या चाबकाकडे मला सरळ बघवत नाही.

आता बोटाचंच खरं राहिलेलं नाही. डाव्या अंगठ्याची जाण गेली आहे. मानेत शीर दबली आहे, असं डॉक्टर सांगतात. रापीनं वादीची कड छिलताना ती किती पातळ झाली हे मला न बघता कळायचं. दीड सुताची वादी टोकाकडं पाऊण सुतावर यायची, तीही पट्टी न लावता. ते गेलं. म्हणून आता छिललेली वादी खालच्या ओठावरून सावकाश ओढतो. जाड जागा आली की ओठाला कळतं. तिथं नखानं खूण करायची, पुन्हा रापी लावायची. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं ते, त्याचा तुरटपणा जिभेवर राहतो आणि मागाहून घेतलेला चहाही तुरट लागतो. हात निम्म्यानं मंदावला. पण वाद्या पूर्वीइतक्याच एकसारख्या निघतात, हे मी छातीठोक सांगतो.

माझे चाबूक आता कुणी बैलाच्या पाठीवर ओढत नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. आमच्या कोल्हापूर भागात आधी कर्नाटकी बेंदूर येतो, मग आषाढात महाराष्ट्री बेंदूर, आणि श्रावण सरता सरता तिकडं मराठवाडा-विदर्भात पोळा. बैलाला झूल, शिंगांना शेंब्या, गळ्यात घुंगुरमाळा. मग मालकाच्या खांद्यावरही काही शोभिवंत हवं. तो चाबूक माझा. बैलगाडा शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं थांबवल्या, २०२१च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. मधल्या वर्षांत माझी मागणी आटली होती. शर्यती परत आल्या, पण बैलाला मारायची मुभा नाही, आणि ते योग्यच झालं. चाबूक आता मिरवायचा, हवेत कडाडवायचा आणि घरी आल्यावर खुंटीला लावायचा.

पण शोभेचा म्हणजे कसाही केलेला, असं ज्यांनी ठरवलं त्यांच्याशी माझं जमत नाही. बाजारात रेक्झिनच्या पट्ट्यांचे चाबूक येतात, आत नायलॉनची दोरी, वर सोनेरी टिकल्या. ते करणाऱ्यांनाही पोट आहे. माझा राग आमच्यातल्यांवर आहे. चांगलं बकऱ्याचं कातडं वापरतात, गोफही नीट घालतात आणि आठाचे सहा होतात नेमक्या त्या जागी रेशमी गोंडा बांधून टाकतात. फुगवटा झाकला. गिऱ्हाईक खूश. वर घुंगरू लावलं की दोनशे रुपये जास्त.

त्या गोंड्यानं चाबूक मुका होतो. मुठीला झटका दिला की चाबकात एक वळसा पडतो आणि तो खाली धावतो. पुढं वजन कमी कमी होत जातं म्हणून त्याचा वेग वाढत जातो, आणि शेवटी तो आवाजाच्याही पुढं जातो; तो कडाका म्हणजे तेच. अमेरिकेतल्या दोघा गणितज्ञांनी २००२ साली हे गणितानं मांडलं, असं भाच्यानं मला वाचून दाखवलं. कडाका नुसत्या टोकाचा नसतो, धावणाऱ्या वळशाचा असतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते ऐकून फार बरं वाटलं. कारण वाटेत गोंड्याचं ओझं ठेवलं की वळसा तिथंच अडखळतो, हे माझ्या मनगटाला ठाऊक होतं. गोंडा मुठीच्या बुडाला बांधा, वादी जिथून सुटते तिथं बांधा, कवड्या लावा, चार रंग घाला. उतरत्या अंगावर काही नको. ते उघडंच राहिलं पाहिजे.

या बाबतीत पोतराजाच्या कोरड्यासारखी वस्तू नाही. दोर वळणारे मातंग कारागीर तो घायपाताचा वळतात. मुठीला मनगटाएवढा आणि टोकाला सुतळीएवढा, आणि मधे कुठंही पायरी नाही. त्यांना ते साधतं कारण ते तंतू कमी करतात, एकेक करून, वळता वळता. माझ्याजवळ तंतू नाहीत, वाद्या आहेत. आठातून कमी करायचं तर निदान एक अख्खी वादी जाणार. मी वाद्या आधीच निमुळत्या काढतो. गोल चकतीतून रापी फिरवत एकसलग वादी काढायची आणि फिरवतानाच ती बारीक करत न्यायची. त्यानं फुगवटा निम्मा होतो, संपत नाही. मग गाभ्यात तेवढीच जागा कोरून ठेवायची. गाभा म्हशीच्या कातड्याचा असतो, तो ऐकतो. तरीही पावसाळ्यात कातडं हवा धरतं आणि दाबून बसवलेलं पुन्हा वर येतं.

मला या फुगवट्याचं एवढं वेड का, तर त्यात मान होता. शर्यतीच्या माळावर गर्दीत उभं राहून कडाके ऐकायचे आणि यातला माझा कोणता ते ओळखायचं, याच्याएवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. शेजारच्यानं विचारायच्या आत मी सांगून टाकायचो. दुसऱ्याचा चाबूक हातात आला की अंगठा आधी त्या जागेवर जायचा, आणि फुगवटा लागला की मनातून खूप गोड वाटायचं. अंगठा गेला तेव्हा मला पहिलं दुःख झालं ते कामाचं नाही, या गोडीचं.

सूनबाई चपलांच्या घरातली. कोल्हापुरीवरची वेणी घालायला ती लहानपणी आईकडून शिकली, आणि तिच्या वाद्या माझ्याहून बारीक असतात. माझी अडचण बघून ती शेजारी बसायला लागली. मी एवढंच सांगितलं, दोन वाद्या समोरासमोर घ्यायच्या, एकाच जागी सोडायच्या. माझ्या वडिलांचीही तीच रीत.

ती म्हणाली, "मामा, दोन्ही एकाच जागी का सोडायच्या वो? एक सोडू, चार बोटं सातावर चालू, मग दुसरी सोडू."

मी म्हणालो, सातावर गोफ कलतो. विषम पेड आले की पाठीवरची रेघ सरळ राहत नाही, हे कुणीही सांगेल. ती काही बोलली नाही. घरात एक अर्धा गोफ पडून होता, तो घेऊन गेली आणि तिच्या पद्धतीनं पुरा करून आणला. मी डोळे मिटून तो ओठावरून नेला. अंगठ्यानं काही कळलंच नसतं. एक बारीक चढ लागला, मग चार बोटं सपाट, मग दुसरा बारीक चढ. फुगवटा म्हणावा असं काही नव्हतं. अंगणात जाऊन कडाडवला. आवाज माझ्या चाबकासारखाच होता, कदाचित जरा कोरडा. त्या रात्री मी जेवताना बोललो नाही. इतकी वर्षं जे माझ्याशिवाय कुणाला येत नाही असं मानत होतो, ते हिनं वेणीच्या सवयीनं सहज केलं होतं. कौतुक दुसऱ्या दिवशी केलं, आणि मनापासून केलं. पण ते दुसऱ्या दिवशी केलं.

या बेंदराला तिचे चाबूक गेले. गिऱ्हाइकांना सांगून दिले, हे सूनबाईचे. एकानं विचारलं, मग तुमचा कुठला, तेव्हा आत जाऊन माझा जुना काढून दाखवलाच.

रेघ मात्र फिरते. सातावरच्या त्या चार बोटांत ती उजवीकडं सरकते आणि सहावर आल्यावर पुन्हा सरळ होते, पण आधीच्या रेघेच्या ओळीत येत नाही. सूनबाई म्हणते, राहू दे, मिरवणुकीत कोण बघतंय. मला ते पटत नाही. सातातल्या एका वादीला दोनवरून न नेता एकवरून नेलं तर रेघ धरते असं वाटतं, पण मग तिथं विणीची दाटी होते. सध्या तेवढाच तुकडा घालतो आणि उसवतो आहे. कातडं पुन्हा पुन्हा भिजून सैल पडतं, म्हणून आज नवीन वाद्या काढायला घेतल्या. पोळ्यासाठी मराठवाड्यातून मागणी आली आहे. त्यातला निदान एक तरी सरळ रेघेचा जावा, अशी खटपट आहे.