छंद, मासिक आणि एक अरुंद फळी

१/ रेल्वेच्या प्रतिकृती उभारणारा छंदिष्ट मासिकात नेमके काय शोधतो? देखणी छायाचित्रे त्याला हवीच असतात. पण ती पाहून झाली की त्याची नजर स्वतःच्या खोलीकडे वळते, आणि खोली लहान असते.

२/ अमेरिकेत जानेवारी १९३४ मध्ये ‘मॉडेल रेलरोडर’ सुरू झाले. ब्रिटनमध्ये १९४९ साली ‘रेल्वे मॉडेलर’. महायुद्धाने नुकत्याच पोळलेल्या ब्रिटनमध्ये सामान्य घरांत जागेची आणि पैशाची चणचण होती.

३/ ‘रेल्वे मॉडेलर’चे संपादक सिरिल फ्रीझर यांनी ही अडचण ओळखली. १९५७ साली त्यांनी ‘मिनरीज’ हा आराखडा छापला. लंडनमधील एका रस्त्याचे नाव ल्यालेले हे शहरी अंतिम स्थानक. दुहेरी मार्ग, तीन फलाट, आणि सारे एका अरुंद फळीवर मावणारे.

४/ खुबी सांध्यांच्या मांडणीत होती. आलेली गाडी कोणत्याही फलाटावर घेता येई. तिचे इंजिन मात्र टोकाला अडकून पडे. गाडी परत न्यायची तर मागून दुसरे इंजिन जोडावे लागे. एवढ्याशा जागेत संध्याकाळभराची वाहतूक रंगे.

५/ दुसऱ्याचे वैभव पाहून वाचक सुखावत असे, पण आरंभ करण्याचे धैर्य त्याला अशा आराखड्याने दिले. ‘मिनरीज’वरून आजही स्थानके बांधली जातात. जुने अंक चाळणाऱ्या अभ्यासकाने मुखपृष्ठापाशी न थांबता मोजमापांच्या पानापर्यंत जावे. सामान्य माणसाची ऐपत आणि हौस तिथे फुटा-इंचांत नोंदलेली सापडते.