हिवाळ्यातले पाहुणपण : अमरावती ते अकोला

अशोक विजयादशमी झाली, दुसऱ्या दिवशीचा अकोल्याचा धम्म मेळावा आटोपला, की वऱ्हाडात थंडीची चाहूल लागते. तेव्हापासून माघ पौर्णिमेपर्यंत आपली बौद्ध कुटुंबे काही ना काही निमित्ताने घराबाहेर पडतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन, १ जानेवारीला भीमा कोरेगावचे स्मरण, ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती आणि ७ फेब्रुवारीला माता रमाईंची. तरी शेजारीपाजारी विचारतातच, "तुम्ही जुने सण सोडले, मग लेकराबाळांना सणाचा आनंद कुठून मिळतो?" या प्रश्नाला भाषणाने उत्तर देण्यापेक्षा अमरावती ते अकोला एक फेरी मारावी. मागच्या हिवाळ्यात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रजा काढून आम्ही ती सहकुटुंब मारली.

निघण्यापूर्वी इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले. मुलांना सांगितले की, याच अमरावतीत १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली होती. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा होता. परिषद चालू असतानाच मुंबईत थोरले बंधू बाळाराम वारल्याची बातमी बाबासाहेबांना मिळाली. घरचे एवढे दुःख उरात घेऊन ते उभे राहिले आणि त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृती जळाली. आपल्या हिवाळ्याचा आरंभ असा आहे. तो कोणत्या पंचांगातून आलेला नाही.

आमची एसटी वलगावच्या रस्त्याने दर्यापूरकडे निघाली. वलगावजवळ पेढी नदी लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला आणत असताना इथेच गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते. गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा आणि बालपण गेले अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला, मामाकडे. म्हणजे आम्ही निघालो होतो तो रस्ताही पाहुणपणाचाच म्हणायचा. कर्ज काढून सण करू नका, हे त्यांचे सांगणे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली होती.

दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात आमची थोरली बहीण राहते. हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, पण विहिरीचे पाणी खारे. शहानूर धरणाचे पाणी नळाने येऊ लागल्यापासून पाहुण्याला गोड पाण्याचा तांब्या देता येतो. त्याआधी तोही दुरून आणावा लागे. बाईने निरोप दिला होता, "बाजाराच्या दिवशीच या. त्या दिवशी हात मोकये रायतेत." दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी चालते. किलोप्रमाणे मजुरी. आठवड्याचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो, म्हणून तोच एक दिवस सुटीचा. आम्ही पोहोचलो तेव्हा बाईने तुरीच्या हिरव्या दाण्यांचा सोलेभात टाकला होता. चुलीवर उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन भाचरे आणि आमची मुले उन्हात बसली ती उठेचनात.

दुसरा दिवस २५ डिसेंबरचा. सकाळी आम्हीही बाईसोबत पराटीत उतरलो. कंबरेला ओटी बांधून दुपारपर्यंत वेचले. आम्हा दोघा नवरा-बायकोचा कापूस मिळून बाईच्या निम्माही भरला नाही. बायांनी हसून हसून पोट धरले. संध्याकाळी बांधावरून परतताना विहारातल्या कार्यक्रमाचा विषय निघाला. या गावात तो रात्री आठला असतो. का, ते बाईनेच सांगितले, "पयले दुपारी दोनले ठेवत होते, अन् म्हनत होते बाया येत नाईत. वेचनी टाकून कोन येईन? एका दिवसाचा चुकारा कोन देईन?" बायांनीच आग्रह धरून वेळ बदलून घेतली.

त्या रात्री विहार भरून गेला. त्रिसरण-पंचशील झाले. दहावीतल्या एका मुलीने मनुस्मृतीत स्त्रियांना काय काय नाकारले होते ते वाचून दाखवले आणि महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले होते, हे सांगितले. हारतुरे नव्हते, मंचावर खुर्च्या नव्हत्या. शेवटी सगळ्यांना वाटीभर मसालेभात. वर्गणी घरटी थोडी आणि तीही ज्याला जमेल त्याने.

तिथून म्हैसांगमार्गे अकोल्याला मावशीकडे गेलो. अशोक वाटिकेत मुलांना फिरवले, १ जानेवारीला अभिवादन केले आणि ३ जानेवारीला वस्तीतल्या विहारात सावित्रीमाईंच्या जयंतीला गेलो. मावशी ऐन तारुण्यात विधवा झाली. आजूबाजूला संक्रांतीचे हळदीकुंकू होई तेव्हा ती दार लोटून घरात बसे, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. त्या दिवशी मात्र बायांनी मेणबत्ती तिच्याच हाती दिली. तथागत, बाबासाहेब आणि सावित्रीमाई यांच्या प्रतिमांपुढे तिने दीप लावला. ज्या माउलीने जोतिरावांसोबत १८६३ साली विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवले आणि एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, आपला केले, तिच्या जयंतीचा पहिला मान विधवेला मिळाला. बायांनी एकमेकींना वाण म्हणून लेकरांसाठी वही आणि पेन्सिल दिली. तिळाचे लाडूही होते. तीळ-गूळ हे थंडीचे खाणे आहे, ते कोणत्या देवाच्या मालकीचे नाही. घरी येताना मावशी एवढेच म्हणाली, "पहिल्यांदा कोनी मले पुढं उभं केलं रे."

परतीचा प्रवास महामार्गाने झाला. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. मूर्तिजापूरहून दर्यापूरमार्गे अचलपूरला जाणारी शकुंतला गाडी मात्र आता बंद आहे. तिच्या काळात पोहोचायला अर्धा दिवस लागे आणि पाहुणा चार दिवस राही. आता दोन तासांत पोहोचता येते आणि आपण लग्नाला नाहीतर मौतीलाच जातो. फोनवर जयभीम घातला की नाते निभावले असे वाटते. पण फोनवर बाईच्या बोटांना बोंडांनी पडलेल्या चिरा दिसत नाहीत.

आपले सण नवे आहेत, म्हणून त्यांच्या रीती घडवणे आपल्याच हाती आहे. ज्या सणात मजूर बाईला यायला सवड नाही आणि विधवेला पुढे जागा नाही, तो सण नाव बदलून जुनाच राहिला. तेव्हा समाजबांधवांनो, यंदा कार्यक्रमाची वेळ ठरवण्याआधी वेचणीला जाणाऱ्या बायांना विचारा. मोठ्या आवाजाच्या डीजेला द्यायचे पैसे वाचवा आणि त्यातून विहारात वह्या-पुस्तके आणा. पहिला दीप वस्तीतल्या सर्वात एकट्या माउलीच्या हातून लावा. आणि एक बाजाराचा वार पाहून, मुलाबाळांना घेऊन, खेड्यातल्या बहिणीच्या दारी दोन दिवसांसाठी जा. जाताना तिला साडी न्या वा नका नेऊ, पण सकाळी तिच्यासोबत ओटी बांधून पराटीत अवश्य उतरा.

जय भीम!