अक्षतांचा बिटरेट

आपल्याकडच्या लग्नात डीव्हीडीला सगळ्यात जड जातो तो अक्षता पडण्याचा क्षण. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री एकदम सुटते, सगळ्या मांडवाचे हात वर जातात आणि हवा तांदळाच्या दाण्यांनी भरून जाते. लवळ्यातल्या घरी नोकरीहून परतल्यावर नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कॅसेटी नि फाइली डीव्हीडीवर उतरवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. नवी डीव्हीडी तयार झाली की ती प्लेयरमध्ये घालून मी आधी हाच क्षण बघतो. तिथं चित्र टिकलं, तर बाकीचं बहुतेक टिकलेलं असतं.

डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-2 पद्धतीनं दाबून बसवलेलं असतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं येतात, पण प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. साधारण बारा-पंधरा चित्रांमागे एक पूर्ण ठेवतात. उरलेल्यांत आजूबाजूच्या चित्रांपेक्षा काय बदललं तेवढंच लिहितात. सप्ताहातलं कीर्तन या पद्धतीला फार सोपं. बुवा एका जागी उभे, मागे टाळकऱ्यांची रांग, कॅमेरा तिवईवर स्थिर. बदलतात ते हात आणि ओठ. अक्षतांचं तसं नाही. प्रत्येक दाणा प्रत्येक चित्रात नव्या जागी असतो. मागचं चित्र पाहून पुढचं सांगता येत नाही, सगळंच नव्यानं लिहावं लागतं. त्याला जागा पुरली नाही की चित्र बारीक चौकोनांत फुटतं आणि नेमका नवरीचा चेहरा फरशीसारखा दिसायला लागतो. गुलाल उधळतात तेव्हाही हेच होतं. लग्न घाईघाईनं मृगाच्या तोंडावर उरकलं असेल आणि मांडवाबाहेर पाऊस लागला असेल, तर तेव्हाही.

जागेचा हिशेब आधी करावा लागतो. चकतीवर 4.7 जीबी छापलेलं असतं, संगणक तीच जागा 4.37 दाखवतो, कारण तो हजाराऐवजी 1024 नं मोजतो. दोन तासांचं चित्रीकरण या जागेत बसवायचं तर सेकंदाला सुमारे 52 लाख बिट मिळतात. त्यातले दोनेक लाख आवाजाला गेले की उरलेले चित्राला. तीन तासांचं असेल तर सेकंदाला 35 लाखसुद्धा होत नाहीत. डीव्हीडीच्या नियमानुसार चित्राला जास्तीत जास्त 98 लाख देता येतात. कापड ठरलेलं आहे, अंगाप्रमाणे बेतायचं. म्हणून मी घाई असली तरी दोन फेऱ्यांचं रूपांतर सोडत नाही. पहिल्या फेरीत संगणक सगळी फाइल नुसती पाहून घेतो, कुठं हालचाल जास्त आहे आणि कुठं लोक नुसते बसलेत याची नोंद करतो. दुसऱ्या फेरीत आहेराच्या रांगेतले बिट वाचवून ते अक्षतांना देतो. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. लोडशेडिंगच्या काळात तर रूपांतर रात्री लावायचं आणि चकती राइट करायची ती पहाटे, लाइट जाण्याची वेळ टाळून. राइट होत असताना लाइट गेली की ती चकती फुकटच.

‘सगळं एकाच सीडीत बसवा’ हा आग्रह हमखास होतो. गावात डीव्हीडीलाही सीडीच म्हणतात. तीन तासांच्या कॅसेटीसाठी मी दोन चकत्या करतो, हळद आणि साखरपुडा एकीवर, लग्न दुसरीवर. दोन चकत्यांचा खर्च आणि कटकट दोन्ही किरकोळ आहेत. बिघडलेल्या चेहऱ्यांचं लग्न मात्र त्या घरात कायमचं तसंच राहतं.

कॅसेट हातात आली की ती मी लगेच मशीनमध्ये घालत नाही. आमचा मुळशी तालुका पावसाचा. ताम्हिणीइतका पाऊस लवळ्याला पडत नसला तरी पावसाळ्याचे महिने कपाटं ओलसर असतात, आणि व्हीएचएसची पट्टी ओल धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये लावली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या माणसाच्या कॅसेटीवर जाते. अशा कॅसेटींसाठी मी एक वेगळा जुना व्हीसीआर ठेवला आहे. कॅसेट उघडायची, पट्टी हलक्या हातानं पुसायची, एकदा शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळायची आणि मगच चालवायची. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करायचे, सुती बोळ्याचे धागे अडकतात म्हणून चामड्याच्या तुकड्यानं. पडद्यावर मुंग्या आल्या तर आधी ट्रॅकिंग जुळवून पाहायचं. ज्या पट्टीवर खरोखर काहीच उरलेलं नाही, ती मात्र कशानंही परत येत नाही.

या कॅसेटी उतरवताना मला हळूहळू दिसायला लागलं की नवरा-नवरीच्या मागे गाव आहे. नव्वदच्या दशकातली वरात बघा. बैलगाडीच्या मागे भाताची खाचरं आहेत, कौलारू घरं आहेत आणि त्यांच्यामागे ती टेकडी. आज तिच्यावर सिंबायोसिसच्या इमारती आहेत. त्या चित्रात ती नुसती गवताची आहे. फ्लेम विद्यापीठ नाही, नांद्याच्या बाजूचे गृहप्रकल्प नाहीत, पिरंगुटच्या रस्त्यावर एखादा टेम्पो. शूटिंगवाल्याला टेकडीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं लक्ष वरातीवर होतं आणि टेकडी आपोआप आली. गावाचं असं हलतं चित्र या कॅसेटींखेरीज दुसरं कुठं असेल असं मला वाटत नाही.

म्हणून एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. जुनं चित्र 4:3 आकाराचं असतं, आताचे टीव्ही 16:9. पडदा भरून दिसावं म्हणून वरचा-खालचा भाग कापून द्या, अशी मागणी येते, आणि पुष्कळ ठिकाणी तसं करूनही देतात. या कापण्यात चित्राचा बरोबर चौथा हिस्सा जातो. खालून जमिनीवर बसलेली माणसं आणि वरून टेकडी. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात, त्यांनी काही बिघडत नाही. मुंग्या घालवणाऱ्या फिल्टरांचंही तेच. एका चित्रात दिसणारा आणि पुढच्यात नसणारा पांढरा ठिपका म्हणजे पट्टीवरचा दोष, असं ते फिल्टर समजतात. अक्षतेचा दाणा नेमका तसाच असतो. फिल्टर जोरात लावला की चित्र गुळगुळीत होतं आणि त्यात सगळे हात वर करून उभे दिसतात, पडत काहीच नाही. मी हे पडद्यावर पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही. थोड्या मुंग्या असू द्या, दाणे राहिले पाहिजेत.

हालचालीचा आणखी एक बारकावा सांगतो, कारण घरी हे काम करणारे बरेचजण इथं अडतात. जुन्या व्हिडिओत प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत, आडव्या रेषा एकाआड एक करून घेतलेलं असतं. संगणकावर त्यामुळे कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात आणि ते काढून टाकावेसे वाटतात. टीव्हीसाठी डीव्हीडी करायची असेल तर काढू नका. फक्त कोणती अर्धी आधी, हा क्रम बरोबर ठेवा. मिनी-डीव्ही कॅसेटीत खालची अर्धी आधी येते. व्हीएचएस उतरवणाऱ्या बऱ्याच कार्डांत वरची. क्रम उलटला तर लेझीम खेळणाऱ्याचा हात पुढे जाताना मागे-पुढे थरथरतो. आवाज जुळला आहे का हे पाहायला मला टाळासारखी दुसरी चांगली खूण सापडलेली नाही. टाळावर टाळ आपटताना दिसतो आणि त्याच चित्रात खणकन ऐकू आलं पाहिजे. सुरुवातीला जुळलेला टाळ तासाभरानं मागे पडला असेल, तर उतरवताना बहुधा मधली चित्रं गळाली आहेत. कॅसेट पुन्हा उतरवायची, दुसरा उपाय नाही.

आता फाइली मोबाइलच्या येतात. त्यांची अडचण उलटी. मोबाइल सेकंदाला सुमारे 30 चित्रं घेतो, तीही एकसारख्या वेगानं नाही. ती पालच्या 25 मध्ये कोंबली की चाल अडखळते. आपल्याकडचे बहुतेक प्लेयर सेकंदाला सुमारे 30 चित्रांच्या एनटीएससी पद्धतीची चकतीही चालवतात, म्हणून अशा फाइलींची डीव्हीडी मी एनटीएससीमध्येच करतो. ड्रोनवरून 4के मध्ये घेतलेलं चित्र पालच्या डीव्हीडीवर आलं की ठिपके बरोबर वीसपट कमी होतात. हे मी देण्याआधी सांगून टाकतो आणि मूळ फाइल जपायला सांगतो. तरी डीव्हीडी मागणारे आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रिमोटचं एक बटण दाबून लेकीचं लग्न बघता येतं, त्यासाठी नातवाच्या मोबाइलची वाट बघावी लागत नाही. आणि चकतीवरचं काही चुकून पुसलं जात नाही.

चित्रं जपण्याचंच म्हणाल तर आमच्याच पुण्यात, 1964 साली, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथं चित्रपट चांगला की वाईट हा निवाडा न करता, मिळेल ते जमवलं. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे आज पाहायला मिळतात, त्यामागे त्यांची धडपड आहे. तरीही 2003 च्या जानेवारीतल्या आगीत नायट्रेटवरची हजारो रिळं गेली. त्या पट्ट्यांमागे निदान एक संस्था होती. लवळ्यातल्या वरातीमागे कपाटाखेरीज काही नाही, आणि मशीनं संपत चालली आहेत. फुनाई या जपानी कंपनीनं 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, ते बनवणारं तोवर दुसरं कुणी उरलं नव्हतं. सोनीनं 2025 च्या फेब्रुवारीत मिनी-डीव्ही कॅसेटी बंद केल्या.

पण चित्र उतरवलं म्हणजे काम झालं, असं मी मानत नाही. चित्रातली माणसं कोण, हे कुठंतरी लिहिलेलं असलं पाहिजे. डीव्हीडीत याची उत्तम सोय आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. तिची सबटायटल्स अक्षरांची नसतात, चित्रांची असतात, त्यामुळे देवनागरी अडत नाही. जोडाक्षर जसं लिहाल तसं पडद्यावर येतं. अशा 32 पट्ट्या आणि आवाजाच्या आठ पट्ट्या एका चकतीवर ठेवता येतात. मी सबटायटलच्या पट्टीत नावं घालतो. बटण दाबलं की रांगेत कोण बसलं आहे ते खाली उमटतं, नको असेल तर जातं.

आमच्या आत्याला मी एकदा तिच्या थोरल्या मुलाच्या लग्नाची कॅसेट लावून दिली आणि शेजारी माइक ठेवला. ती बोलत राहिली. हा कोण, त्याची सोयरीक कुठली, हे खाचर तेव्हा कुणाचं होतं आणि मग कुणाला विकलं, मांडवाला आंबेमोहराचा भात कुणाच्या घरचा आला. अक्षता पडल्या तेव्हा तिनं एकामागून एक अकरा नावं घेतली. पडद्यावर मला फक्त वर गेलेले हात दिसत होते. तिचं ते बोलणं मी आवाजाची दुसरी पट्टी म्हणून चकतीवर घातलं. त्याला लागले सेकंदाला दोन लाख बिट, आणि तेवढे मी आहेराच्या रांगेतून काढले.

तुमच्या घरी कॅसेट असेल तर ती आधी माळ्यावरून खाली आणा, पुस्तकासारखी उभी ठेवा, ओलीपासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर. चालणारा व्हीसीआर कुणाकडे आहे ते आजच विचारून ठेवा. उतरवलेली मूळ फाइल न कापता, न पुसता दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. चकतीतला, ज्यात चित्र लिहिलं जातं तो रंगही काही वर्षांनी उतरतो, तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. आणि पावसाळ्याआधी एका दुपारी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला टीव्हीसमोर बसवा, हाताशी वही घ्या आणि नावं लिहून घ्या.